आठवड्याला नऊ गोळ्या

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर दोन आकडे एकाखाली एक छापले होते. पाळीच्या तारखेवरून ९ आठवडे २ दिवस. बाळाच्या लांबीवरून ७ आठवडे १ दिवस. लांबी १० मिलिमीटर. त्याखाली एकच ओळ होती, हृदयाचे ठोके दिसत नाहीत.

मी डॉक्टरांना विचारलं, "तारीख चुकली असेल का? माझी पाळी कधीकधी पुढे जाते." त्यांनी मान हलवली. लांबी ७ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असेल आणि ठोके दिसत नसतील, तर तारखेचा प्रश्नच उरत नाही, असं त्या म्हणाल्या. तरी माझा चेहरा बघून त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनीही बराच वेळ बघितलं. मी पडद्याकडे बघत नव्हते, त्यांच्या हाताकडे बघत होते. हात एका जागी थांबला, मग त्यांनी तो अलगद उचलला, आणि मला कळलं.

म्हणजे दोन आठवड्यांपूर्वीच सगळं थांबलं होतं आणि मला पत्ताही नव्हता. मळमळ चालूच होती. रोज रात्री मी पोटावर हात ठेवून झोपत होते. ते दोन आठवडे मला आजही सगळ्यात जास्त लागतात.

पुढच्या चार दिवसांबद्दल फार लिहीत नाही. आधी गोळ्या दिल्या, त्यांनी पूर्ण मोकळं झालं नाही म्हणून क्युरेटिंग करावं लागलं. शरीर सावरलं. तिसऱ्या दिवशी, मी अंथरुणावर पडलेली असताना, त्याच भेटीत घेतलेल्या रक्ताचे रिपोर्ट आले. हिमोग्लोबिन ठीक, साखर ठीक. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला काम करायला सांगणारं हार्मोन, ८.६. थायरॉइड कमी पडू लागला की हा आकडा वाढतो.

इथे मागे जाऊन सांगायला हवं. मला चार वर्षांपासून थायरॉइड होता. केस गळणं, बद्धकोष्ठ, सगळ्यांना उकडत असताना मला थंडी वाजणं, अशा कुरबुरींवरून तपासणी झाली आणि हायपोथायरॉइडिझम निघाला, म्हणजे थायरॉइड ग्रंथी कमी काम करत होती. थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइडच्याच हार्मोनची, ५० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली. सहा-आठ महिन्यांनी एकदा रक्त द्यायचं, आकडा बघायचा, तीच गोळी चालू ठेवायची. गरोदर राहण्याआधी आठ महिने झालेल्या तपासणीत टीएसएच ३.१ होता. सगळं आटोक्यात आहे असं मला वाटत होतं, आणि कुणी वेगळं सांगितलंही नव्हतं.

पाळी चुकून पाच दिवस झाले तेव्हा घरीच चाचणी केली. दोन रेघा उमटल्या. लगेच दवाखान्यात फोन केला. पहिली भेट नवव्या आठवड्यात देतात, तोवर फॉलिक ॲसिड आणि गर्भारपणाच्या व्हिटॅमिनची गोळी सुरू करा, असं सांगितलं. मी आवर्जून विचारलं, "मला थायरॉइड आहे, त्याचं काय करू?" पलीकडून उत्तर आलं, "तीच गोळी चालू ठेवा, डॉक्टर भेटीत बघतील." मी ऐकलं. फोनवर बोलणाऱ्या त्या मुलीचा दोष नव्हता, तिला जे सांगून ठेवलं होतं तेच तिने मला सांगितलं. पण माझ्यासारख्या बाईला ते चार आठवडे थांबवायला नको होतं, हे मात्र मी ठामपणे म्हणेन.

आणखी एक गोष्ट आहे. ती लिहिताना अजूनही हात थांबतो. थायरॉइडची गोळी मी सकाळी उठल्याउठल्या घ्यायचे. व्हिटॅमिनची गोळी विसरायला होऊ नये म्हणून तीही त्याच वेळी, त्याच पाण्याबरोबर घ्यायला लागले. दोन गोळ्या तळहातावर, एक घोट, झालं. त्या व्हिटॅमिनच्या गोळीत लोह होतं आणि कॅल्शियमही होतं. दोन्ही गोष्टी थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतात, ते पुरेसं रक्तात जाऊ देत नाहीत. या दोन गोळ्यांमध्ये चार तासांचं अंतर हवं. म्हणजे ज्या दिवसांत शरीराला जास्त हार्मोन हवं होतं, नेमकं त्याच दिवसांत मी होतं तेही कमी करत होते. आणि हे मी बाळासाठी, न चुकता, रोज करत होते.

त्या आठवड्यांत मी विलक्षण थकलेली असायचे. दुपारी बसल्या जागी डोळे मिटायचे. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, पहिल्या तीन महिन्यांत असंच होतं." ते खरंही आहे. गरोदरपणाचा थकवा आणि थायरॉइडचा थकवा अंगावरून वेगळा ओळखता येत नाही. बद्धकोष्ठही दोन्हींत होतं. म्हणून रक्त तपासण्याशिवाय दुसरा मार्ग नसतो.

दीड महिन्याने मी एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या आजारांच्या डॉक्टरांकडे गेले. जाताना मनात एकच प्रश्न होता आणि खुर्चीत बसल्याबसल्या तोच विचारला. "या ८.६ मुळेच माझं बाळ गेलं का?"

त्या डॉक्टर लगेच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी हो म्हटलं तर तुम्हाला एक कारण मिळेल. नाही म्हटलं तर तुमचं ओझं उतरेल. पण मला दोन्ही म्हणता येत नाही." पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ जातात त्यांतल्या निम्म्या किंवा त्याहून जास्त गर्भांत गुणसूत्रांची चूक असते, ती बहुतेक वेळा बीज तयार होतानाच झालेली असते आणि थायरॉइडशी तिचा संबंध नसतो. माझ्या बाबतीत क्युरेटिंगमध्ये निघालेला भाग तपासायला पाठवलाच नव्हता, पहिल्या वेळी सहसा पाठवत नाहीत. त्यामुळे आता ते कळण्याचा मार्ग बंद झाला होता. दुसऱ्या बाजूला, टीएसएच इतका वाढलेला असताना धोका वाढतो हेही खरं आहे. ब्रिटनमध्ये थायरॉक्सिन चालू असलेल्या गरोदर बायकांच्या नोंदी तपासून २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात टीएसएच २.५ ते ४.५ असलेल्यांत गर्भपाताचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. ४.५ ते १० मध्ये ते काहीसं वाढलेलं होतं आणि १० च्या वर बरंच वाढलेलं. "तुम्ही मधल्या गटात येता," त्या म्हणाल्या. "धोका वाढला होता. पण तुमच्या बाबतीत घडलं ते त्यामुळेच, असं यावरून म्हणता येत नाही."

घरी येताना मला त्यांचा राग आला होता. मला कुणीतरी दोषी हवं होतं. तो दवाखाना, ती व्हिटॅमिनची गोळी किंवा मी स्वतः, कुणीही चाललं असतं. "माहीत नाही" हे उत्तर घेऊन झोपायचं कसं? पण हळूहळू माझ्या लक्षात आलं की इतकं खरं उत्तर मला आधी कुणी दिलंच नव्हतं. बाकी सगळे एक तर "तुझ्या थायरॉइडमुळे झालं" म्हणत होते किंवा "त्याचा काही संबंध नसतो गं" म्हणत होते.

दुसऱ्या भेटीत त्यांनी कागदावर चित्र काढून मला सगळं समजावलं. गरोदरपणात थायरॉइडवरचा भार एकदम चारही बाजूंनी वाढतो. इस्ट्रोजेन वाढलं की रक्तातलं, थायरॉइडचं हार्मोन वाहून नेणारं प्रथिन वाढतं, आणि तयार झालेलं बरंचसं हार्मोन त्यालाच चिकटून राहतं. वार स्वतः काही हार्मोन मोडून टाकते. आणि बाळाला आईकडूनच हवं असतं. बाळाची थायरॉइड ग्रंथी साधारण १० ते १२ आठवड्यांच्या सुमारास आयोडिन ओढायला लागते, पण पुरेसं हार्मोन तयार करायला तिला १८ ते २० आठवडे लागतात. तोवर त्याच्या मेंदूच्या वाढीसाठी जे लागतं ते बहुतेक सगळं आईच्या रक्तातून जातं.

मग बाकीच्या बायकांचं कसं निभतं? त्यांच्या शरीरात याची सोय असते. ज्या एचसीजीमुळे घरच्या चाचणीवर दोन रेघा येतात, त्या हार्मोनची घडण टीएसएचसारखीच असते. ते थायरॉइडला ढोसतं आणि ग्रंथी जास्त काम करायला लागते. म्हणून निरोगी बाईचा टीएसएच पहिल्या तीन महिन्यांत उलट खाली उतरतो. माझ्या ग्रंथीला मात्र कितीही ढोसलं तरी ती फारसं काही देऊ शकत नव्हती. डॉक्टरांनी त्या दिवशी अँटी-टीपीओ, म्हणजे थायरॉइडविरुद्ध शरीरानेच बनवलेली प्रतिपिंडं, तपासायला सांगितली आणि ती भरपूर वाढलेली निघाली. म्हणजे माझंच प्रतिकारशक्तीचं सैन्य वर्षानुवर्षं माझ्याच थायरॉइडवर चालून जात होतं. या आजाराला हाशिमोटो म्हणतात. हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी १९१२ मध्ये त्याचं पहिल्यांदा वर्णन केलं. चार वर्षं गोळी घेत होते, पण आजाराचं नाव मला त्या दिवशी कळलं.

माझी ग्रंथी जास्तीचं देऊ शकत नाही, तेव्हा ते गोळीतूनच यायला हवं. किती आणि कधीपासून, हा खरा प्रश्न. अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आधीपासून थायरॉक्सिन घेणाऱ्या बायकांना गरोदरपणाच्या सुरुवातीपासून तपासत नेलं होतं. पहिल्या निम्म्या काळात त्यांची गरज सरासरी ४७ टक्क्यांनी वाढली, आणि ही वाढ काहींमध्ये पाचव्या आठवड्यापासूनच दिसली. पाचवा आठवडा म्हणजे पाळी चुकून जेमतेम एक आठवडा. मला पहिली भेट मिळाली होती नवव्या आठवड्यात. हे ऐकल्यावर मी पेन खाली ठेवलं आणि थोडा वेळ मला काही लिहिता आलं नाही.

डॉक्टरांनी माझी गोळी ५० वरून ७५ केली. डोस बदलला की टीएसएच स्थिरावायला सहा आठवडे तरी द्यावे लागतात, लगेच तपासून उपयोग नसतो. सहा आठवड्यांनी तो १.८ आला, पुढच्या वेळी १.६. गर्भ राहण्याआधी तो २.५ च्या आत हवा, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. मग एका कागदावर त्यांनी पुढची सूचना लिहून दिली. तो कागद मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला: "चाचणी पॉझिटिव्ह आली की त्याच दिवसापासून आठवड्याला ९ गोळ्या. भेटीची वाट बघू नये. त्याच आठवड्यात रक्त."

सात दिवसांच्या सात गोळ्या, आणि दोन जास्तीच्या. मी बुधवार आणि रविवार ठरवले. त्या दोन दिवशी एकाऐवजी दोन घ्यायच्या. आठवड्याचे ५२५ मायक्रोग्रॅम होते ते ६७५ होतात, म्हणजे सव्वापटीहून थोडं जास्त. आधीपासून थायरॉक्सिन घेणाऱ्या बायकांसाठी अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही हाच सल्ला आहे. इतकी साधी गोष्ट आहे ही. मला हे फोनवर अर्ध्या मिनिटात सांगता आलं असतं. अर्थात हे ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी आधी ठरवून दिलेलं हवं, कारण ज्यांची थायरॉइड शस्त्रक्रियेने काढलेली असते किंवा ज्यांचा डोस मुळातच जास्त असतो त्यांचा हिशेब वेगळा असू शकतो. पण ही बोलणी गर्भ राहण्याआधी व्हायला हवीत.

याच काळात मी खूप वाचलं. रात्री झोप येत नसे आणि मी वाचत बसे. त्यातून माझा सगळ्यात जास्त गोंधळ झाला तो आकड्यांवरून. एका ठिकाणी पहिल्या तीन महिन्यांत टीएसएच २.५ च्या वर नको, दुसरीकडे ४ पर्यंत चालतो. नंतर कळलं की दोन्ही खरं होतं, काळ वेगळा. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्याच २०११ च्या सूचनांमध्ये २.५ ही सीमा होती. २०१७ मध्ये ती सैल केली. प्रयोगशाळेची गरोदर बायकांसाठीची स्वतःची मर्यादा असेल तर ती धरायची, नसेल तर साधारण ४. पण जिला आधीच थायरॉक्सिन चालू आहे तिचा टीएसएच २.५ च्या आत ठेवण्याचा प्रयत्न करायचा. जिचा थायरॉइड कधीच बिघडलेला नाही आणि जिचा एकदा ३.२ आला आहे, तिने माझ्यासारखीचा आकडा बघून घाबरायचं कारण नाही.

हे मला माझ्या एका मैत्रिणीमुळे नीट समजलं. तिचे दोन गर्भ गेले होते. टीएसएच १.७, अगदी उत्तम, पण अँटी-टीपीओ वाढलेली. तिला थायरॉक्सिन हवं होतं. "तुला देतात, मग मला का नाही?" ती मला विचारायची, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिची भीती निराधार नव्हती. १९९० मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात थायरॉइडविरोधी प्रतिपिंडं असलेल्या बायकांत गर्भपाताचं प्रमाण १७ टक्के होतं, नसलेल्यांत ८.४ टक्के. जवळपास दुप्पट. तेव्हा गोळी दिली तर हा फरक भरून निघेल, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं.

पण ते तपासून बघितलं गेलं आहे. ब्रिटनमध्ये टॅब्लेट नावाची चाचणी झाली, २०१९ मध्ये तिचे निष्कर्ष आले. टीपीओ वाढलेली पण थायरॉइडचं काम व्यवस्थित, आणि आधी गर्भपात किंवा वंध्यत्वाचा इतिहास, अशा साडेनऊशे बायका. निम्म्यांना ५० मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन, निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी, तीही गर्भ राहण्याच्या आधीपासून. जिवंत बाळ हातात आलं त्यांचं प्रमाण एका गटात ३७.४ टक्के, दुसऱ्यात ३७.९. गोळीने काहीच फरक पडला नाही. म्हणजे प्रतिपिंडं आणि गर्भपात यांचं नातं आहे, पण ते हार्मोन कमी पडल्यामुळे नसावं, दुसरं काहीतरी असावं. मैत्रिणीच्या डॉक्टरांनी तिला गोळी दिली नाही, मात्र गर्भ राहिल्यावर दर चार आठवड्यांनी टीएसएच बघायचा हे नक्की केलं, कारण अशा ग्रंथीला गरोदरपणाचा भार मध्येच पेलेनासा होऊ शकतो. ती बरेच दिवस नाराज होती. मी तिच्या जागी असते तर मीही झाले असते. पण हातात काहीतरी असावं म्हणून घेतलेली गोळी आणि लागते म्हणून घेतलेली गोळी यांत फरक आहे, तो मला तिच्या निमित्ताने कळला.

दहा महिन्यांनी पुन्हा दोन रेघा आल्या. गुरुवार होता. मी कपाट उघडून तो कागद वाचला, तोंडपाठ होता तरी वाचला. शुक्रवारी सकाळी रक्त दिलं, रविवारी पहिल्यांदा दोन गोळ्या घेतल्या. या वेळी उठल्यावर थायरॉइडची गोळी फक्त साध्या पाण्याबरोबर, पुढे तासभर काही नाही, कॉफीसुद्धा नाही, आणि व्हिटॅमिनची गोळी रात्री झोपताना. नवऱ्याने दोन गोळ्यांसाठी दोन वेगळ्या डब्या आणल्या आणि एक पलंगाजवळ, दुसरी थेट दुसऱ्या खोलीत ठेवली. त्याने यावर काही बोलून दाखवलं नाही. पहिल्या वेळचा तो एक घोट त्यालाही आठवत होता.

नात्यातल्या एकीने सांगितलं, इतक्या गोळ्या कशाला, बाळाला बाधतील. तिचा हेतू वाईट नव्हता. मी तिला सांगितलं की थायरॉक्सिन हे शरीर स्वतः जे बनवतं तेच आहे, परकं औषध नाही. आणि बाधा झाली तर ती गोळी सोडल्याने होईल.

पहिल्या रक्तात टीएसएच २.९ आला. डॉक्टरांनी रोजची गोळी १०० केली, आता बुधवार-रविवारची भानगड नको म्हणाल्या. मला मात्र ७ आठवडे १ दिवस या आकड्याची धास्ती होती. त्या दिवशी मी काहीच काम केलं नाही. सोनोग्राफी दोन दिवसांनी होती आणि ते दोन दिवस माझ्या मनात मागचाच रिपोर्ट उघडा पडून होता. टीएसएच नीट आहे, म्हणजे बाळ नीट आहे, असं मी स्वतःला सांगायचा प्रयत्न करत होते, आणि ते खोटं आहे हेही मला माहीत होतं. टीएसएच नीट ठेवल्याने एक धोका कमी होतो. बाकीचे असतात तिथेच असतात.

या वेळी मी पडद्याकडे बघितलं. एक करड्या रंगाचा ठिपका होता आणि त्याच्या मध्यात काहीतरी लकलकत होतं, डोळ्याची पापणी फडफडावी तसं. "१४८," सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टर म्हणाल्या, "मिनिटाला." मला तो आकडा परत म्हणायला लावायचा होता, पण तोंडातून शब्द फुटला नाही. नवऱ्याने विचारलं. त्यांनी परत सांगितलं.

पुढे दर चार आठवड्यांनी रक्त. दहाव्या आठवड्यात १.४, चौदाव्यात २.१, अठराव्यात २.७, तेव्हा गोळी ११२ केली. त्यानंतर गरज फारशी वाढत नाही. २० आठवड्यांनंतर दर महिन्याचं रक्त थांबलं, मग तिसाव्या आठवड्याच्या सुमारास एकदा. आयोडिनचंही विचारलं होतं मी. गरोदरपणात रोज २५० मायक्रोग्रॅम लागतं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, एरवी प्रौढांना १५०. माझ्या व्हिटॅमिनच्या गोळीत ते होतं. त्याशिवाय वेगळं जास्तीचं घेऊ नका, अति आयोडिनही थायरॉइडला बिघडवतं, असं डॉक्टरांनी बजावलं.

मुलगी ३९ व्या आठवड्यात झाली. तिच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन कागदावर टिपले, नवजात बाळांचा थायरॉइड असाच तपासतात. ती जोरात रडली आणि मी तिच्याबरोबर रडले. रिपोर्ट चांगला आला. मला मात्र दुसऱ्याच दिवसापासून पुन्हा ७५ वर आणलं, कारण वार पडली की जास्तीची गरज संपते. सहा आठवड्यांनी तपासा, असं सांगितलं. टीपीओ वाढलेल्या बायकांना बाळंतपणानंतरच्या वर्षात थायरॉइडचे चढउतार जास्त होतात, त्यामुळे लक्ष ठेवायचं होतं.

त्या सहा आठवड्यांत मी पुन्हा तशीच थकलेली होते. मुलीला पाजता पाजता बसल्या जागी डोळे मिटायचे. आई म्हणाली, "अगं, बाळंतपणात असंच होतं." मी तिला म्हटलं, "असेल गं आई, पण मी रक्त देऊन येते." ती काही न बोलता उठली, मुलीला माझ्या हातातून घेतलं आणि म्हणाली, "जा, आत्ताच जा."

टीएसएच २.३ आला. या वेळचा थकवा जागरणाचाच होता.